खोकला खकाण्याचा की साखरेचा?

सोलापूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून त्याचा सारांश देते.

सासूबाईंचं वय ५६. लग्न होऊन आल्यापासून घरी बसून विड्या वळतात. अकरा वर्षांपासून शुगर आहे. महिना झाला, खोकला हटत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्यांचा कोर्स आणि औषधाची बाटली दिली. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. वजन सहा किलोंनी उतरलं, त्याचं घरात कौतुकच झालं. आता उपाशीपोटी शुगर २४० आली आणि डॉक्टर म्हणाले, बेडका तपासा, छातीचा एक्स-रे काढा. ताईंच्या मिस्टरांचा विरोध आहे. 'विडी वळणाऱ्या कुठल्या बाईला खोकला नसतो? तंबाखूचा खकाणा आहे तो.' खरं कारण वेगळं आहे. नणंदेचं लग्न जुळत आलंय आणि टीबीचं नाव निघालं तर स्थळ हातचं जाईल ही धास्ती. मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं, जेवण कमी झालंय तर शुगरची गोळी बंद करा, उगीच शक्ती जाते. ताई विचारतात : सासूबाईंना गुपचूप सिव्हिलला नेऊन तपासून आणू का? टीबी निघालाच तर लग्नापर्यंत लपवता येईल का? ताजा कलम : तीन वर्षांचा मुलगा आजीजवळच झोपतो, आजीची ताटवाटी वेगळी ठेवू का?

ताई,

तपासणी करायची, आणि याच आठवड्यात करायची. गुपचूप मात्र नको. दोन्हींची कारणं सांगते.

आधी खकाण्याचं. तुमचे मिस्टर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. तंबाखू चाळताना, भरताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते. पानं-तंबाखू उडू नये म्हणून भर उन्हाळ्यातही पंखा बंद, दार लोटलेलं. अशा खोलीत तीस वर्षं बसलेल्या बाईला खोकला असणारच. पण म्हणूनच प्रश्न असा विचारायला हवा : हा तोच जुना खोकला आहे का? जुना खोकला बहुतेक वेळा सकाळी येतो, चहा झाला की निवतो, वर्षभर साधारण एकाच चालीने चालतो. महिन्याभरापूर्वी काहीतरी बदललं म्हणूनच तुम्ही डॉक्टरांकडे गेलात ना? रात्री झोपमोड होते का, बेडका घट्ट किंवा पिवळा झालाय का, संध्याकाळी अंग कसकसतं का, पहाटे घामाने पदर भिजतो का, हे त्यांना विचारा. आणि एक लक्षात ठेवा : मधुमेह जुना असला की ताप कधी कधी फारसा चढतच नाही. 'ताप नाही म्हणजे काही नाही' हा हिशेब अशा माणसाला लागू पडत नाही.

आता वजन. पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच. व्यायाम न करता, खाणं ठरवून कमी न करता सहा किलो उतरणं हे मधुमेह्याच्या बाबतीत कौतुकाचं लक्षण नाही. एक तर साखर इतकी वाढलीय की ती लघवीवाटे वाहून जातेय आणि शरीर स्वतःचेच स्नायू जाळतंय. किंवा आत एखादा आजार मुक्काम ठोकून बसलाय. किंवा दोन्ही, आणि माझा कल या तिसऱ्याकडे आहे.

कारण साखर आणि छातीचा संसर्ग एकमेकांना पोसतात. रक्तात साखर चढलेली राहिली की जंतूंना गाठून गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. जिथे जायला हवं तिथे उशिरा पोचतात, पोचल्या तरी नीट मारत नाहीत. त्यामुळे साधा न्यूमोनियाही मधुमेह्याला जास्त जोराने धरतो आणि उशिरा सोडतो. उलट बाजूने, संसर्ग झाला की शरीर आणीबाणीची संप्रेरकं सोडतं आणि ती यकृतातली साखर रक्तात ओततात. म्हणून माणूस दोन घास जेवत असला तरी शुगर २४० येते. घरात मात्र खोकल्याचा एक डॉक्टर, शुगरचा दुसरा, आणि दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत नाहीत. सासूबाईंचा खोकला आणि त्यांची शुगर या दोन तक्रारी वेगळ्या समजू नका.

क्षयाचं नाव डॉक्टरांनी काढलं ते यामुळेच. मधुमेह असलेल्यांना टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दोन ते तीन पट असते. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या भारतात, आणि मधुमेहींची संख्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटींवर. हे दोन आजार एकाच घरात भेटणं आपल्याकडे नवलाचं राहिलेलं नाही. 'टीबी म्हणजे उपाशी, हडकुळ्या माणसाचा रोग' ही समजूत जुनी झाली. सरकारी कार्यक्रमातही आता टीबीच्या प्रत्येक रुग्णाची शुगर तपासतात आणि शुगरच्या रुग्णाला खोकल्याबद्दल विचारतात. दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला तपासायचा, हा नियम आहे. तुमचे चार झाले.

पण टीबीच असेल असं धरून रडत बसू नका. दुसरी कारणंही भरपूर आहेत. अर्धवट बरा झालेला न्यूमोनिया. तंबाखूच्या धुळीने आणि चुलीच्या धुराने झालेला जुनाट ब्राँकायटिस. छातीत वर येणारं आम्ल. हृदय थकल्याने फुफ्फुसात साठणारं पाणी, विशेषतः आडवं झालं की खोकला वाढत असेल तर. आणि एक कारण इतकं साधं की हमखास राहून जातं : बीपीची गोळी. मधुमेह्यांना बीपीसाठी, मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा '-प्रिल' शेपटीच्या गोळ्या देतात, आणि काही जणांना त्यांनी कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला येतो. सासूबाईंच्या डब्यातली पाकिटं बघा. असं नाव दिसलं तर गोळी स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील. ही गोळी सापडली म्हणून बेडक्याची तपासणी मात्र टाळायची नाही, कारण त्या खोकल्याने सहा किलो वजन जात नाही.

पाकिटं बघताना त्या दोन कोर्सच्या गोळ्यांचीही नावं वाचा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक टीबीच्या जंतूंवरही थोडंफार चालतं. त्याने काही दिवस बरं वाटतं, रोग दबतो आणि निदान लांबतं. 'आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच' हे वाचून मला तीच शंका आली. या औषधाने शुगरही वरखाली होते. तसंच त्यात एखादी बारीक गोळी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड होती का पाहा. स्टेरॉइडने खोकला जादू केल्यासारखा बसतो आणि साखर झपाट्याने चढते. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने मधुमेही माणसांचे डोळे आणि जबडे नेले, त्यात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांचा मोठा वाटा होता. स्टेरॉइड वाईट औषध नाही, पण मधुमेह्याला ते देताना शुगरवर डोळा ठेवावा लागतो. गल्लीतल्या डॉक्टरांबद्दल मनात राग धरू नका. तिसऱ्यांदा तीच बाटली न देता तपासणी सांगितली, हे त्यांनी बरोबर केलं.

आणि तपासणी म्हणजे काही मोठी यातायात नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, मोकळ्या हवेत, अंगणात किंवा गच्चीवर उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खाकरून आलेला बेडका डबीत द्यायचा. तोंडातली लाळ चालत नाही, ती दिली की रिपोर्ट खोटा दिलासा देतो. डबी नागरी आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलला फुकट मिळते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रावर तपासणी झाली तर जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही, दोन्ही कळतं. यंत्राला दोनेक तास पुरतात, मग रांगेचा वेळ वेगळा. एक्स-रे सोबत काढाच, पण एकट्या एक्स-रेवर विसंबू नका. टीबी सहसा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतो. मधुमेह्यांत तो पुष्कळदा खाली दिसतो आणि 'न्यूमोनिया' म्हणून सुटून जातो. त्याच फेरीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन करून घ्या.

जाऊबाईंचा सल्ला अजिबात ऐकू नका. आजारात शुगर चढते, अशा वेळी गोळी बंद केली तर ती आणखी भडकते. हां, त्यांच्या बोलण्यात एक दाणा खरा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोटात काहीच गेलं नाही तर शुगर धोकादायक खाली येते. उलट्या-जुलाब चालू असतील, पाणी पोटात टिकत नसेल, तर मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या काही दिवस थांबवायला डॉक्टर सांगू शकतात. पण हे ठरवायचं मोजून आणि विचारून. घरात ग्लुकोमीटर नसेल तर शेजारीपाजारी कुणाकडे तरी सापडेल. सुई मात्र प्रत्येकाची वेगळी. आजाराच्या दिवसांत दिवसातून तीन-चारदा मोजा. ७० च्या खाली आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून. दोनदा मोजून ३०० च्या वर राहिली, सोबत उलटी, पोटदुखी किंवा धाप असली, तर घरी वाट बघायची नाही.

आता गुपचूप नेण्याचं.

तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, जाऊबाईंचं आहे, डॉक्टरांचं आहे, तुमची तगमग तर ओळीओळीत आहे. ज्यांना खोकला आहे त्या काय म्हणतात, हे कुठेच नाही. त्यांना कुणी विचारलंय का? तीस वर्षं स्वतःच्या बोटांवर घर चालवलेली बाई आहे ती. तिला 'चला, जरा शुगर दाखवून येऊ' म्हणून फसवून न्यायचं आणि तिथे हातात बेडक्याची डबी द्यायची? पहिली फेरी कदाचित जमेल. पण औषध सुरू झालं तर ते सहा महिने त्यांनाच रोज गिळायचं आहे, आणि ज्या माणसाला विश्वासात घेतलं नाही तो तिसऱ्या महिन्यात गोळ्या गादीखाली ठेवतो.

दुपारी दोघी पानं कातरत बसाल तेव्हा विषय काढा. घाबरवू नका. 'अत्या, शुगर खाली येत नाही त्याचं कारण छातीत असेल असं डॉक्टर म्हणतात' एवढं पुरे. त्यांची अडचण बहुधा रोगाची नसेल, मजुरीची असेल : एक दिवस बुडाला तर हजार विड्या कोण भरून देणार? मग कारखान्याच्या ब्रँचला विड्या द्यायला जाल तेव्हाच डबी देऊन या, किंवा त्या दिवशीची थोडी पानं तुम्ही उचला. अशा व्यवहारी तोडग्याने माणूस जितका हलतो तितका उपदेशाने हलत नाही.

मिस्टरांशी बोलताना लग्नाचा मुद्दा टाळू नका, तिथूनच सुरुवात करा. त्यांची भीती खोटी नाही. आपल्याकडे टीबीच्या नावाने स्थळं मोडतात, मी पाहिलंय. पण हिशेब मांडून दाखवा. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा आहे. योग्य औषध नीट सुरू झालं की साधारण दोन-तीन आठवड्यांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका बराच घटतो, आणि दोन महिन्यांच्या शेवटी बेडका पुन्हा तपासून खात्री करतात. म्हणजे आज तपासलं तर लग्नाच्या मांडवात आई औषध घेत असलेली, वजन भरत आलेली बाई असेल. आज लपवलं तर त्याच मांडवात ती खोकत बसेल, मांडीवर पै-पाहुण्यांची पोरं. आणि तोवर ज्या मुलीसाठी हे सगळं चाललंय ती रोज त्याच घरात श्वास घेतेय. लपवण्याने तिचंच नुकसान होण्याची शक्यता जास्त आहे.

मग सोयऱ्यांना सांगायचं का? इथे माझं मत सगळ्यांना पटणार नाही. आजार आईचा आहे, मुलीचा नाही. गावभर दवंडी पिटायची काही गरज नाही, कुणाच्या आईच्या रिपोर्टवर कुणाचा हक्क नसतो. मात्र कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलू नका. 'होतं, औषध चालू आहे, घरातल्या सगळ्यांची तपासणी झालीय' हे वाक्य ठसक्यात म्हणता आलं पाहिजे. आणि एक आधीच माहीत असू द्या : २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. आरोग्य कर्मचारी घरी येतील. गल्लीत बोभाटा नको असेल तर तसं त्यांना मोकळेपणाने सांगा, आधी फोन करून या म्हणा.

टीबी निघालाच तर मधुमेह्यासाठी चार गोष्टी वेगळ्या असतात, त्या वहीत लिहून ठेवा. रिफाम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून डोस वाढवावा लागतो किंवा काही महिने इन्सुलिन द्यावं लागतं. इन्सुलिन म्हटलं की 'आता शेवटचं आलं' असं घरात म्हणतील, त्यांना सांगा की पुष्कळदा ते तात्पुरतं असतं. आणि सहा महिन्यांनी टीबीचं औषध थांबलं की शुगरचा डोस परत कमी करायला विसरायचं नाही, हे हमखास राहतं आणि मग एके दिवशी माणूस चक्कर येऊन पडतो. आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाने हातापायाला मुंग्या येतात, शुगरनेही येतात, म्हणून बी६ जीवनसत्त्वाची गोळी सोबत मागा. विड्या वळणारीची बोटं बधिर होणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. इथॅम्ब्युटॉल या टीबीच्याच दुसऱ्या औषधाने क्वचित नजरेवर, रंग ओळखण्यावर परिणाम होतो, तेव्हा सुरुवातीलाच डोळे तपासून घ्या, मधुमेह्याचा पडदा एरवीही दरवर्षी तपासायचाच असतो. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, ते औषधाचं काम आहे. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

खाण्यात कात्री लावायची वेळ ही नव्हे. ज्वारीची भाकरी, डाळ, मटकीची उसळ, शेंगाचटणी, चालत असतील तर रोज दोन अंडी. ताकद यावी म्हणून ग्लुकोजची पावडर, फळांचा रस, चहात बुडवून बिस्किटं यांपासून लांब राहा. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). ते थेट खात्यात येतात, म्हणून सासूबाईंचं बँक खातं आणि आधार जोडलेलं आहे का ते आत्ताच बघा. निक्षयचा मदत क्रमांक १८००-११-६६६६.

रिपोर्टची वाट बघताना सासूबाईंना बसल्याजागी धाप लागली, वाक्य एका दमात पूर्ण होईना, बेडक्यात रक्त आलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर १०८ ला फोन करायचा. मग सकाळपर्यंत थांबायचं नाही आणि मिस्टरांच्या परवानगीचीही वाट बघायची नाही.

टीबी नाही निघाला आणि छाती बरी झाली, की डॉक्टरांना दोन लशींबद्दल विचारा : फ्लूची, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, आणि न्यूमोकोकल न्यूमोनियाची. हे पत्र वाचणाऱ्या ज्या कुणाच्या घरी शुगरचा माणूस आहे त्यांनीही विचारावं, आजारी पडण्याची वाट न बघता. आणि मिश्री लावत असतील तर तेवढी सोडायला सांगा. विड्यांचं काम सुटणार नाही हे मला कळतं. तंबाखू चाळताना नाकातोंडाला ओला रुमाल आणि एक खिडकी उघडी, एवढं तरी होईल.

ताजा कलमाचं उत्तर. ताटवाटी वेगळी करू नका. टीबी हवेतून पसरतो, खोकल्या-शिंकल्यातून. ताट वेगळं केल्याने मुलगा वाचणार नाही, सासूबाईंचं मन मात्र दुखेल. अंथरूण आजपासून वेगळं करा, रिपोर्ट यायच्या आधीच. त्यांना खिडकीजवळची जागा द्या, खोकताना तोंडावर पदर किंवा मास्क ठेवायला सांगा, आणि बेडका झाकणाच्या डब्यात. टीबी निघाला तर मुलाला घेऊन केंद्रावर जा. लहानपणी बीसीजी टोचलेलं असलं तरी जा. पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नसेल तर प्रतिबंधक औषध देतात, ते मोफत असतं. वजनावरून डोस ठरतो, म्हणून जाताना अंगणवाडीचं वजनाचं कार्ड सोबत न्या. तो विचारेल, आजीजवळ का नाही झोपायचं. आजीचा खोकला बरा होईपर्यंत, असं सांगा.